भाकरी खाणाऱ्याची की देणाऱ्याची? मध्ययुगातले ख्रिस्ती संत आणि त्यांचे संघ

मिशनच्या शाळेत शिकलेल्यांना तो फलक आठवत असेल. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर आजवरच्या मुख्याध्यापकांची नावं ओळीने लिहिलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे दोन-तीन अक्षरं. कुठे एस. जे., कुठे ओ. एफ. एम., कुठे ओ. पी. बरेच जण ती पदवी समजतात. खरं तर ते आडनावासारखं आहे. हे फादर कोणत्या घरातले, कोणत्या संघाचे, हे ती अक्षरं सांगतात. एस. जे. म्हणजे जेझुइट, ओ. एफ. एम. म्हणजे फ्रान्सिस्कन, ओ. पी. म्हणजे डॉमिनिकन.

धर्म एक, पोप एक, शुभवर्तमान तेच, मग इतके संघ कशाला? हा प्रश्न विचारला की बहुतेक लोक संतांच्या चमत्कारांच्या गोष्टी सांगू लागतात. माझ्या मते याचं उत्तर पैशात सापडतं. सगळं सोडून आलेल्या माणसांनी जगायचं कशावर, आणि ज्यावर जगायचं ते कोणाच्या नावावर असायचं? हजार वर्षं हा प्रश्न सुटला नाही, आणि तो सोडवायच्या धडपडीतूनच एकेक संघ उभा राहिला.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्या गावातल्या चर्चचे फादर बहुधा धर्मप्रांताचे असतात. ते बिशपांच्या आज्ञेत राहतात, लग्न करत नाहीत, पण त्यांना स्वतःची मालमत्ता ठेवता येते. संघात गेलेल्यांचं तसं नाही. ते तीन व्रतं घेतात: ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि दारिद्र्य. पहिली दोन समजायला सोपी आहेत. गुंतागुंत सगळी तिसऱ्यात आहे.

सुरुवात इजिप्तमध्ये होते. इ. स. 270 च्या सुमारास अँथनी नावाचे विशीतले तरुण चर्चमध्ये गेले होते. आईवडील नुकतेच वारलेले, घरी सुपीक जमीन, धाकटी बहीण पदरात. त्या दिवशी ‘तुला पूर्ण व्हायचं असेल तर जा, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे’ हे येशूचे शब्द वाचले जात होते. अँथनींना वाटलं, हे आपल्यालाच सांगितलंय. त्यांनी जमीन देऊन टाकली, बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन केलं आणि पुढे वाळवंट गाठलं. पाणी, मीठ, भाकरी आणि प्रार्थना. ते 105 वर्षं जगले असं त्यांचे चरित्रकार, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस, सांगतात. हे चरित्र लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपभर वाचलं गेलं. वाळवंटात एकट्याने राहणाऱ्यांची रीघ लागली.

पण एकटं राहणं भल्याभल्यांना झेपत नाही. हे ओळखलं पाकोमियस यांनी. तरुणपणी त्यांना रोमन सैन्यात जबरदस्तीने भरती केलं होतं. नव्या शिपायांना पळून जाऊ नये म्हणून कोंडून ठेवलं होतं, तेव्हा रात्री काही अनोळखी माणसं त्यांना जेवण देऊन गेली. ‘हे कोण?’ म्हणून विचारलं तर कळलं, ख्रिस्ती लोक आहेत, परक्यालाही जेवू घालतात. सैन्यातून सुटल्यावर पाकोमियस यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 320 च्या सुमारास नाईलच्या काठी ताबेन्निसी इथे एकत्र राहणाऱ्यांचा मठ काढला. एक कुंपण, एक स्वयंपाकघर, ठरलेल्या वेळा आणि सगळ्यांना काम. लव्हाळ्याच्या चटया विणायच्या, दोर वळायचे, टोपल्या करायच्या, माल नावेत भरून विकायला पाठवायचा. आलेला पैसा सगळ्यांचा.

आमच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर: माझं काही नाही, आपलं सगळं. ते लगेच लागू पडलं आणि लगेच अंगाशीही आलं. पाकोमियस 346 च्या सुमारास गेले, तोवर नऊ-दहा मठ झाले होते. पुढच्या काही वर्षांतच मठांची शेतं आणि नावा वाढत चालल्या म्हणून त्यांचे शिष्य चिंतेत पडले.

पूर्वेकडे, आजच्या तुर्कस्तानात, सेझेरियाचे बिशप बेझिल यांनी याला वेगळं वळण दिलं. एकट्या राहणाऱ्या साधकांना त्यांनी एक प्रश्न विचारला होता: तू एकटाच राहिलास तर पाय कोणाचे धुशील? येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, त्याचा हा संदर्भ. बेझिल यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी, वाटसरूंसाठी, कुष्ठरोग्यांसाठी मोठी वसाहत उभारली. मठाकडे आलेलं धन दारातल्या माणसाकडे वाहिलं पाहिजे, हा विचार तिथून पक्का झाला.

आता इटलीत येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढची हजार वर्षं ज्या एका छोट्या पुस्तिकेवर चालली ती इथली आहे.

बेनेडिक्ट यांचा जन्म 480 च्या सुमाराचा, नुर्सिया गावचा. शिकायला रोमला गेले, तिथलं वातावरण पाहून उबगले आणि सुबियाको इथल्या गुहेत तीन वर्षं राहिले. जवळच्या एका मठाने त्यांना प्रमुख म्हणून नेलं, पण शिस्त सोसेना म्हणून त्याच लोकांनी त्यांना वाइनमधून विष द्यायचा प्रयत्न केला, असं पोप ग्रेगरी यांनी लिहून ठेवलंय. 529 च्या सुमारास बेनेडिक्ट यांनी मोंते कासिनोच्या डोंगरावर मठ बांधला आणि तिथे नियमावली लिहिली. प्रकरणं 73. पहिला शब्द: ‘ऐक’.

माणसांकडून पोळलेल्या माणसाने लिहिलेले नियम कडक असतील असं आपल्याला वाटतं. तसं नाही. जेवणाला दोन शिजवलेले पदार्थ करावेत, कारण एखाद्याला एक सोसला नाही तर दुसरा खाता येईल. वाइन खरं म्हणजे मठवासीयांसाठी नव्हेच, पण आजकालच्या लोकांना ते पटत नाही, तेव्हा निदान बेताने घ्यावी. झोपताना कमरेची सुरी काढून ठेवावी, नाहीतर झोपेत लागेल. पहाटे उठताना एकमेकांना हळूच हाक मारावी, कारण झोपाळू माणसाकडे सबबी असतात. पहाटेचं पहिलं स्तोत्र अगदी सावकाश म्हणावं, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही वेळेत पोचता येईल. मठात महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर सगळ्यांना बोलवावं, कारण योग्य तेच देव पुष्कळदा सर्वांत लहानाला सुचवतो.

आणि मालकी? त्याबाबत मात्र बेनेडिक्ट जराही ढिले पडत नाहीत. पुस्तक नाही, लिहायची पाटी नाही, लेखणीसुद्धा स्वतःची नाही. मठाधिपतीने अंथरुणं अधूनमधून तपासावीत, कोणी काही लपवलं आहे का पाहायला. पण पुढच्याच वाक्यांत ते म्हणतात, लपवायची वेळ येऊ नये म्हणून मठाधिपतीने प्रत्येकाला लागेल ते द्यावं: अंगरखा, पायताणं, पट्टा, सुरी, लेखणी, सुई, रुमाल. ज्याला कमी लागतं त्याने देवाचे आभार मानावेत, ज्याला जास्त लागतं त्याने नम्र व्हावं. मठातला माल विकताना बाहेरच्यापेक्षा थोडा स्वस्त विकावा, म्हणजे हाव शिरणार नाही. हत्यारं, भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत.

या नियमावलीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट कपड्यांची आहे. नव्याने आलेल्याला चटकन आत घेऊ नका, चार-पाच दिवस दार वाजवू द्या, वर्षभर पारखा, तेवढ्या काळात नियमावली तीनदा वाचून दाखवा. मग त्याने व्रत घेतलं की त्याचे बाहेरचे कपडे उतरवून मठाचे द्या. पण ते जुने कपडे फेकू नका. कोठीत जपून ठेवा. उद्या त्याने जायचं ठरवलं तर त्याचे त्याला परत मिळाले पाहिजेत. आयुष्यभराचं व्रत घेतलेल्या माणसाच्या परतीच्या कपड्यांची घडी कोठीत सांभाळून ठेवणारा हा कायदेकर्ता माणसाला ओळखून होता.

मात्र याच प्रकरणात एक ओळ अशी आहे की तिच्यातून पुढचं सगळं निघालं. व्रत घेण्याआधी माणसाने आपली मालमत्ता गरिबांना वाटावी, किंवा रीतसर लिहून मठाला द्यावी.

आपल्याकडे जमीन कशी लहान होत जाते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. बाप गेला की वाटण्या, मुलगा गेला की पुन्हा वाटण्या, बांधावर बांध. मठाला वारस नाही, म्हणून वाटणी नाही. मठ मरत नाही. त्यात माणसं कष्टाळू, खर्च कमी. शिवाय राजे-सरदार आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून गावंच्या गावं दान देतात. दोनशे वर्षं थांबा, परिसरातली चांगली जमीन मठाची झालेली असते. यात कोणी चोरी केली नाही, कोणी व्रतही मोडलं नाही. प्रत्येक मठवासी गरीबच आहे, फक्त मठ श्रीमंत आहे.

याचं टोक म्हणजे फ्रान्समधला क्लुनी. 910 मध्ये अक्वितेनचे ड्यूक विल्यम यांनी तो स्थापला आणि एक मोठी गोष्ट केली: मठावर स्वतःचा किंवा कोणत्याही सरदाराचा हक्क ठेवला नाही. तो थेट रोमच्या आश्रयाखाली दिला. त्या काळात सरदार आपल्या नातलगाला मठाधिपती करून उत्पन्न खात असत, त्यातून क्लुनी सुटला आणि शेकडो मठ त्याच्या छत्राखाली आले. तिथली उपासना इतकी वाढली की हाताने काम करायला वेळच उरेना. 1088 मध्ये त्यांनी सुरू केलेलं चर्च पुढे रोममध्ये नवं सेंट पीटर्स बांधेपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. क्लुनीची एक गोष्ट आजही आपल्याकडे चालू आहे. 2 नोव्हेंबरला वसईत, मुंबईत, गोव्यात लोक कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. सर्व मृतांसाठी तो एक दिवस क्लुनीचे मठाधिपती ओदिलो यांनी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या मठांसाठी नेमला आणि तिथून तो सगळीकडे पसरला.

अशा सुखवस्तू मठजीवनाला कंटाळून 1098 मध्ये वीसेक मठवासी दिजॉनजवळच्या दलदलीत, सितो इथे गेले. त्यांना बेनेडिक्टची नियमावली जशीच्या तशी जगायची होती. कपडा न रंगवलेल्या लोकरीचा, चर्च कोरं, खंड आणि दशांश घ्यायचे नाहीत, स्वतः राबायचं. हेच सिस्टर्शियन. काही वर्षांनी बर्नार्ड नावाचे तरुण सरदारपुत्र आपले भाऊ, मामा, मित्र असे तीसेक जण घेऊन तिथे दाखल झाले. 1115 मध्ये ते क्लेअरव्होचे मठाधिपती झाले आणि 1153 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा या संघाचे मठ तीनशेच्या वर गेले होते. क्लुनीवर त्यांनी केलेली टीका आजही बोचते: चर्चच्या भिंती झळाळताहेत आणि तिचे गरीब उघडे आहेत. दगडांना सोनं घालता आणि लेकरांना नागवं ठेवता.

बर्नार्ड यांच्याबद्दल लिहिताना दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. 1146 मध्ये त्यांनीच दुसऱ्या धर्मयुद्धासाठी (क्रुसेडसाठी) फ्रान्स पेटवला. ते युद्ध पूर्ण फसलं आणि असंख्य माणसं मेली. त्याच वेळी ऱ्हाईनच्या खोऱ्यात ज्यूंची कत्तल सुरू झाली तेव्हा तिथे जाऊन ती थांबवायला उभे राहिले तेही बर्नार्डच. संत म्हणजे डाग नसलेला माणूस असं मानलं तर ही माणसं समजतच नाहीत.

आणि सिस्टर्शियनांच्या गरिबीचं काय झालं? त्यांनी पडीक जमिनी घेतल्या, ओढे वळवून गिरण्या चालवल्या, शेतावर राबायला व्रतस्थ बंधूंची वेगळी फळी उभी केली आणि मेंढ्या पाळल्या. इंग्लंडमधल्या त्यांच्या लोकरीला इतका भाव आला की 1193 मध्ये राजा रिचर्ड कैदेत पडल्यावर त्याच्या खंडणीसाठी या संघाची सबंध वर्षाची लोकर सरकारजमा झाली. गरिबीसाठी दलदलीत गेलेली माणसं शंभर वर्षांत राजा सोडवण्याइतकी श्रीमंत झाली होती. कष्ट आणि काटकसर यांतून दारिद्र्य निघत नाही, संपत्तीच निघते.

म्हणून तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिस यांनी प्रश्न मुळाशीच धरला. ते कापडव्यापाऱ्याचे पुत्र. पैसा म्हणजे काय हे त्यांनी दुकानात बसून पाहिलं होतं. वडिलांचं कापड विकून आलेले पैसे पडक्या चर्चच्या डागडुजीसाठी द्यायला निघाले म्हणून बापाने बिशपांपुढे उभं केलं, तेव्हा 1206 मध्ये भर लोकांत त्यांनी अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पुढ्यात ठेवले. बिशपांनी आपल्या झग्याखाली त्यांना झाकलं. बेनेडिक्टच्या मठात परतीचे कपडे जपून ठेवले जात, इथे परतीची वाट फ्रान्सिस यांनी स्वतःच बंद केली.

त्यांचं म्हणणं असं की एकेकट्याने गरीब असणं पुरेसं नाही, संघसुद्धा गरीब हवा. घर नाही, जागा नाही, काहीच संघाचं नाही. नाण्याला हात लावायचा नाही. काम करून मिळेल ते खायचं, नाही मिळालं तर माधुकरी मागायची. पोप होनोरियस यांनी 29 नोव्हेंबर 1223 ला ही नियमावली मंजूर केली. त्याच नाताळात ग्रेच्चो गावी फ्रान्सिस यांनी गवत, गव्हाणी, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा मांडला. आज वसईच्या गल्लीगल्लीत पोरं रात्र जागवून जो गोठा उभारतात, त्याची परंपरा त्या रात्रीपाशी जाते.

ही माणसं मठवासी नव्हती. त्यांना म्हणत फ्रायर, म्हणजे बंधू. मठवासी एका जागी आयुष्य काढतो, फ्रायर रस्त्यावर असतो. त्याच सुमारास स्पेनचे डॉमिनिक यांनी दुसरा असाच संघ काढला, 1216 मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यांचा भर अभ्यासावर आणि प्रवचनावर होता, म्हणून ओ. पी. म्हणजे प्रवचनकारांचा संघ. थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच संघाचे. घरच्यांनी त्यांना पाचेक वर्षांचे असताना मोंते कासिनोला ठेवलं होतं, पोरगा पुढे तिथला मठाधिपती होईल या हिशेबाने. ते भीक मागणाऱ्या डॉमिनिकनांत गेले तेव्हा सख्ख्या भावांनी त्यांना वाटेतून पळवून वर्षभर वाड्यात डांबलं. मठ आणि फ्रायर यांतला फरक त्या घराला चांगला कळला होता. पुढे धर्मन्यायसभेचं (इन्क्विझिशनचं), म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाणाऱ्यांवर खटले चालवण्याचं काम पोपनी याच अभ्यासू संघाकडे दिलं आणि त्यातून माणसं जाळलीही गेली, हेही या संघाच्या इतिहासात आहे.

क्लारा यांचा उल्लेख सहसा ओझरता होतो, ते मला पटत नाही. असिसीतल्या खानदानी घरातल्या या मुलीने 1212 मध्ये झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, रात्री घर सोडलं आणि फ्रान्सिस यांच्याकडून दीक्षा घेतली. पोपकडे लोक मालमत्तेचे हक्क मागायला जात. क्लारा यांनी मागितला काहीही मालकीचं नसण्याचा हक्क. पोप नववे ग्रेगरी म्हणाले, जमीन घ्या, व्रताची अडचण असेल तर आम्ही त्यातून मोकळं करतो. त्यावर क्लारा म्हणाल्या, पापांतून मोकळं करा, ख्रिस्ताच्या मागे जाण्यातून मोकळं व्हायचं नाही. त्यांनी स्वतः लिहिलेली नियमावली पोपनी मंजूर केली ती 9 ऑगस्ट 1253 रोजी. दोनच दिवसांनी त्या गेल्या. स्त्रियांसाठी स्त्रीने लिहिलेली आणि चर्चने मान्य केलेली ती पहिली नियमावली.

फ्रान्सिस 1226 मध्ये गेले, तोवर संघात हजारो लोक आले होते. त्यांना राहायला घर लागतं, अभ्यासाला पुस्तकं लागतात. मग पोपनी तोड काढली: वापर फ्रायरांचा, मालकी रोमची. कागदावर सगळं पोपच्या नावाने. काहींना हे पटलं, काहींना ही पळवाट वाटली आणि त्यांनी कडक गरिबीचा आग्रह धरला. संघ उभा फाटला. 1318 मध्ये मार्सेयला असे चार फ्रायर जाळले गेले. शेवटी 8 डिसेंबर 1322 ला पोप बाविसावे जॉन यांनी ती मालकीच झटकून टाकली. त्यांचा युक्तिवाद असा: फ्रायर जे अंडं, जो चीजचा आणि पावाचा तुकडा खातो त्याची मालकी रोमकडे आणि वापर तेवढा त्याचा, हे कोण शहाणा मानेल? जे खाल्ल्याने संपतं त्याचा वापर आणि मालकी वेगळी कशी करणार?

या भांडणाचा एक धागा थेट ठाण्यात येतो. तोलेंतिनोचे थॉमस हे कडक गरिबी मानणारे फ्रान्सिस्कन. त्यापायी त्यांनी आपल्याच संघाची कैद भोगली होती. सुटल्यावर ते आर्मेनियाला गेले आणि उतारवयात चीनला निघाले. त्यांच्याबरोबर पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे तिघे फ्रान्सिस्कन होते, आणि जॉर्डन नावाचे एक डॉमिनिकन. होर्मुझहून कोल्लमकडे निघालेलं गलबत वाऱ्याने ठाण्याला लागलं. तिथे पूर्वेकडच्या जुन्या चर्चची काही ख्रिस्ती कुटुंबं राहत होती, त्यांनी या परक्यांना घरात घेतलं. जॉर्डन पुढे गुजरातच्या बाजूला गेले असताना ठाण्यात काझींपुढे धर्मावरून वाद झाला, प्रकरण अधिकाऱ्यापर्यंत गेलं आणि एप्रिल 1321 मध्ये चौघेही मारले गेले.

जॉर्डन परत आले. त्यांनी चौघांचे देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या परिसरात, पुरले. दोन-तीन वर्षांत ओदोरिक हे फ्रान्सिस्कन प्रवासी इथे पोचले. त्यांनी त्या अस्थी उकरून बरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनमधल्या झैतून बंदरातल्या फ्रायरांच्या घरात नेऊन ठेवल्या. अंड्याच्या आणि भाकरीच्या मालकीचा पोपचा निकाल लागला, तोवर थॉमस यांचा ठाण्यात मृत्यू होऊन वीस महिने झाले होते.